दोन दिवसांचे ओरो प्रेतो : एका आराखड्याचा अभ्यास

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल गोव्याला गेली होती. दोन दिवस आणि चौदा स्थळे! जुन्या गोव्यातील बॉम जेझुसच्या चर्चसाठी आम्हांला वीस मिनिटे मिळाली. त्यांतली दहा समूह-छायाचित्रात गेली. परत आल्यावर आईने विचारले, “काय काय पाहिलंस?” मला यादी सांगता आली, वर्णन एकाही स्थळाचे करता आले नाही.

ही हकिकत ऐकून आमच्या भूगोलाच्या सरांनी ट्युटोरिअलसाठी विषय दिला : ‘न पाहिलेल्या एखाद्या लहान शहराची शनिवार-रविवारची सहल आखा. पैशांचे नको, वेळेचे अंदाजपत्रक मांडा.’ गोव्यावर ज्यांचे राज्य होते त्याच पोर्तुगीजांनी वसवलेले ब्राझीलमधील ओरो प्रेतो मी निवडले. नाव ऐकून मित्र हसले. पण त्याचा प्रेताशी काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ ‘काळे सोने’. सतराव्या शतकाच्या अखेरीस येथील ओढ्यांत काळपट कवचाचे सोन्याचे कण सापडले, त्यावरून हे नाव.

प्रथम थोडा इतिहास. १७११ साली येथील वस्त्या एकत्र करून ‘व्हिला रिका’, म्हणजे ‘श्रीमंत नगर’, स्थापन झाले. १८२३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. मिनास जेराइस प्रांताची राजधानी येथे होती. १८९७ साली ती नव्याने आखलेल्या बेलो ओरिझोंते शहरात गेली आणि ओरो प्रेतो मागे पडले. जुने पाडून नवे बांधण्याची निकड उरली नाही, म्हणूनच अठराव्या शतकातील गल्ल्या आणि कौलारू घरे टिकली. १९८० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेले हे ब्राझीलमधील पहिले स्थळ. वैभवाने बांधलेले शहर गरिबीने राखले, असे म्हणता येईल.

आता नियोजन. बेलो ओरिझोंतेहून हे शहर सुमारे १०० किलोमीटरवर आहे. बसने दोन तास लागतात. ब्राझील दक्षिण गोलार्धात असल्याने आपल्या पावसाळ्याचे जून ते ऑगस्ट हे महिने तेथे कोरडे व थंड असतात. पाऊस पडतो ऑक्टोबर ते मार्च. शहर समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच, रस्ते फरसबंदीचे आणि उभ्या चढणीचे. तेव्हा मजबूत बूट आणि एक स्वेटर हवाच. बरीचशी चर्चे व संग्रहालये सोमवारी बंद असतात. त्यामुळे ‘राहिलेले सोमवारी पाहू’ हा हिशेब चालत नाही. पवित्र सप्ताहात ईस्टरच्या आदल्या रात्री लोक रंगीत भुशाने रस्त्यांवर नक्षी काढतात, अगदी आपल्या रांगोळीसारखी. मात्र तेव्हा गर्दीही फार.

माझ्या पहिल्या आराखड्यात अकरा चर्चे होती. सरांनी त्यावर तांबड्या शाईने एकच प्रश्न लिहिला : ‘हे सोने खणले कोणी?’

मी आराखडा पुन्हा पाहिला. अकरा चर्चांत सोन्याचा वर्ख होता. खाण एकही नव्हती. ते सोने आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी काढले होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली. ज्यांच्या घामावर शहर उभे राहिले, त्यांच्यासाठी माझ्या दोन दिवसांत एक तासही नव्हता. गोव्याच्या सहलीला नावे ठेवणारा मी तीच चूक करीत होतो! म्हणून दुसरा आराखडा केला.

शनिवारी सकाळी प्रथम शिको रे याच्या नावाने ओळखली जाणारी जुनी खाण. आख्यायिका अशी की, शिको हा आफ्रिकेतील राजा. गुलाम होऊन येथे आला, सोने साठवून स्वतःची व इतरांची सुटका केली. याला कागदोपत्री पुरावा नाही. पण लोकांनी ही कथा जपली, हेही इतिहासाचेच साधन. तेथून टेकडीवरचे सांता एफिजेनियाचे चर्च. ते कृष्णवर्णीयांच्या धर्मसंघाचे. दुपारी पिलार चर्च. बोगद्यातील अंधार आधी पाहिला की तेथील सोन्याच्या वर्खाची किंमत कळते. जेवणात भेंडी घातलेली कोंबडी घ्यावी. आपली ओळखीची भेंडी तेथे आफ्रिकेहून पोचली.

रविवारी सकाळी साँ फ्रान्सिस्को चर्च, पूर्ण दोन तास. त्याचे शिल्पकाम आलेझादिन्यो याचे. पोर्तुगीज बाप आणि गुलाम आई यांचा हा मुलगा रोगाने बोटे झडल्यावर हाताला हत्यारे बांधून काम करी, असे सांगतात. छतावरील चित्र अताईदचे. त्यातील मरियेचा चेहरा मिश्रवर्णीय स्त्रीचा आहे. चर्चसमोरच्या बाजारात मऊ संगजिऱ्याच्या कोरीव वस्तू मिळतात.

दुपारी तिरादेंतिस चौक. १७८९ साली सोन्यावरील कराच्या जाचातून येथे स्वातंत्र्याचा कट शिजला. तो फुटला. २१ एप्रिल १७९२ रोजी तिरादेंतिसला रिओमध्ये फाशी दिले आणि त्याचे शिर या गावात आणून खांबावर लावले. चौकातील जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आता त्या उठावाचे संग्रहालय आहे. हे वाचताना मला कांदोळीच्या पिंटोंचे बंड आठवले. ते १७८७ चे, म्हणजे दोनच वर्षे आधीचे. राणीही तीच, मारिया पहिली. जुन्या गोव्यात असताना मला ते आठवले नव्हते!

या आराखड्यात सहा ठिकाणे आहेत. काँगोन्यास येथील आलेझादिन्योचे बारा संदेष्टे गाळावे लागले, शेजारचे मारियाना गाळावे लागले. वाईट वाटले; पण काय गाळले हे आता मला ठाऊक आहे, आणि का गाळले हेही.

मित्रहो, ओरो प्रेतोला मी कधी जाईन, देव जाणे. पण पुढच्या सहलीचा आराखडा वर्गाने करावा, आणि प्रत्येक भव्य वास्तूपुढे तो तांबड्या शाईतला प्रश्न लिहावा, एवढी विनंती आहे. सुरुवात जुन्या गोव्यापासूनच करू. मला तेथे पुन्हा जायचे आहे.