खेळसाहित्याची आटोपशीर रचना : एक अभ्यास



धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य घालविलेल्या माणसाने खेळाच्या साहित्याविषयी लेखणी उचलावी, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मालाचे वजन करताना बारदानाचे वजन वजा करावयाचे, हा धडा व्यापाऱ्यास गादीवर बसल्या दिवशीच मिळतो. तोच दंडक येथे घरगुती बैठ्या खेळांस लावून पाहावयाचा आहे. खेळ हा माल आणि पेटी, पिशवी, पट हे त्याचे बारदान होय. बारदान बोजड झाले, की माल कितीही उत्तम असला तरी तो घराबाहेर, किंबहुना माळ्याखालीही येत नाही.

हा विषय सुचला तो गेल्या पावसाळ्यात. नातवंडांसाठी बाजारातून एक खेळ आणला. पेटी हातभर रुंद, आत निम्मी पोकळ. आठवडाभरात दोन सोंगट्या हरवल्या, तशा दुसऱ्या मिळेनात. पेटी माळ्यावर गेली व मुले पुन्हा आपापल्या कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली. ती पेटी ठेवतानाच माझ्या मातोश्रींचा पचिशीचा कापडी पट हाती लागला. पिशवीतील सोळा सोंगट्यांपैकी तीन मूळच्या नव्हत्या. त्यांच्या जागी रंगविलेली हळकुंडे होती. एवढ्याशा उणिवेमुळे त्या पटावरील डाव कधी थांबला नव्हता. हा भेद कशामुळे पडला, याचा शोध म्हणजेच प्रस्तुत लेख.

प्रथम पटाचा विचार करू. पचिशीच्या चौफुलीस चार भुजा असतात व प्रत्येक भुजेत आठ-आठ घरांच्या तीन ओळी. घर 3 से. मी. घेतले, तर भुजा 24 से. मी. लांब व 9 से. मी. रुंद होते. मधला चौक 9 से. मी. धरता सबंध पट 57 से. मी. भरतो. आता गंमत पाहा : प्रत्येक भुजा गुंडाळत मधल्या चौकावर आणली, की सारा पट तळहाताएवढ्या चौरसात बसतो. एका घरात दोन सोंगट्या शेजारी-शेजारी उभ्या राहावयाच्या, म्हणून सोंगटीचा तळ सव्वा से. मी. पुरे. घराच्या मापावरून सोंगटी, सोंगटीवरून पिशवी, असा हा क्रम आहे. आधी पेटी ठरवून मग आत काय भरावे याचा विचार करणे, हा उलटा व्यवहार होय. इंग्लंडात 1896 मध्ये पेटंट घेतलेला लूडो याच पचिशीपासून निघाला. परंतु तो पुठ्ठ्यावर चढला आणि घडी घालण्याचा हा गुण मागे पडला.

दुसरे उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्याकडे दशावतारी गंजिफा रूढ झाली. तीत दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येक गटात राजा, प्रधान व दहा अंकांची पाने, अशी एकूण 120 पाने असतात. खेळणारे तिघे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस पाने येतात. इतकी पाने हाती धरावयाची, तर पान लहानच हवे. ते वाटोळे असते, त्यामुळे मुडपावयास कोपराच नाही. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून वर लाखेचा लेप देण्याची पद्धत होती. सरकत्या झाकणाच्या लहान लाकडी पेटीत सारा संच मावतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला मावळू लागली असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुन्हा उभी केली, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे.

तिसरे उदाहरण आपल्या समाजातील. जैन ज्ञानचौपडीचा पट सामान्यतः चौऱ्याऐंशी घरांचा असून त्यावर शिड्या व सर्प असतात. पर्युषणाच्या दिवसांत तो मांडण्याची चाल होती. एक पट, दान टाकण्याचे साधन आणि प्रत्येकी एक सोंगटी, एवढ्यावर संपूर्ण खेळ चालतो. याहून हलके बारदान कोणते?

दान टाकण्यासाठी कवडी घेतात, परंतु ती प्राण्याचे कवच होय. आपल्या घरी फोडलेले चिंचोके वापरीत. एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. दान स्पष्ट दिसते, हिंसेचा प्रश्न नाही व हरवल्यास स्वयंपाकघरात दुसरा तयार.

या अभ्यासानंतर मी स्वतः दोन वस्तू करविल्या. पहिली फसली. सागाच्या पेटीचे सरकते झाकण मी अगदी घट्ट बसविण्याचा आग्रह धरला. आषाढात लाकूड फुगले व झाकण हलेना. सुताराने सुचविलेली फट मी नाकारली होती, दोष माझाच. दुसरी साधली. आपल्या बालाघाट जिल्ह्यात बांबूस तोटा नाही. बांबूचे एक पेर उभे चिरून, सपाट बाजू खाली ठेवून, पाठीवर लांबट खाच पाडली. त्या खाचेत पत्ते उभे राहतात. ज्यांचे हात थरथरतात म्हणून खेळातून उठले होते, ते माझे थोरले बंधू आता दर रविवारी पुन्हा डावात बसतात.

तात्पर्य, चार कसोट्या लक्षात ठेवाव्यात. माप हातावरून ठरवावे. पट घडी होणारा असावा. हरवलेली वस्तू घरात किंवा गावात पुन्हा मिळावी. मांडणे व आवरणे लहान मुलासही जमावे. पाचवी गोष्ट कसोटी नव्हे, मर्यादा आहे : त्या पिशवीत पैजेचा पैसा कधीही ठेवू नये. द्यूत हे सप्तव्यसनांतील एक होय, आणि ते घरात शिरले की पिशवी लहान असूनही बोजा मोठा होतो.

सभासद बंधुभगिनींनी जुन्या कापडाचा एक पट या चातुर्मासात घरी शिवून पाहावा, ही विनंती. खर्च नगण्य आहे. आणि दुकान बंद झाल्यावर तीन पिढ्या एका जाजमावर बसतात, ही जमेची बाजू कोणत्याही वहीत न मांडता दिसते.