मावशीला उत्तर कोण देणार?

आई-बाबांनो, बारावी झालेल्या मुलीने जेवता जेवता सांगितलं, "मला बरोक व्हायोलिन वाजवायचंय, तेच करायचंय," तर पोटात गोळा येणारच. सतार म्हणाली असती तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. बाखच्या काळातलं संगीत, त्या काळच्या धर्तीच्या वाद्यांवर, चार-पाच जणांच्या मेळात वाजवायचं, एवढं समजावताना तुमची दमछाक होते. आणि सगळं ऐकून मावशी विचारते, "ते ठीक आहे गं, पण पोटापाण्याचं काय?"

मावशीला हसू नका. हा प्रश्न त्या संगीताइतकाच जुना आहे.

संगीतकार गेओर्ग फिलिप टेलेमान 1681 साली जर्मनीतल्या माग्डेबुर्गला जन्मला. वडील पाद्री होते, तो लहान असतानाच गेले. बाराव्या वर्षी पोराने ऑपेरा रचला, तेव्हा आईने त्याची वाद्यं काढून घेतली. 1701 मध्ये तो लाइपत्सिगला गेला तो कायदा शिकायला. पुढच्याच वर्षी त्याने तिथल्या विद्यार्थ्यांना जमवून वादकांचा मेळ उभा केला. 1729 मध्ये त्याच मेळाची सूत्रं बाखकडे आली; मेळाच्या मैफली त्सिमरमानच्या कॉफीगृहात होत. त्याच काळातल्या हँडेल या संगीतकाराच्या वडिलांनाही मुलगा वकीलच व्हायला हवा होता!

'तेव्हा मुलांना अडवू नका' एवढाच बोध घेतलात, तर गोष्ट अर्धीच कळली. टेलेमानचं पुढचं आयुष्य बघा. हाम्बुर्गला नोकरी असतानाही तो स्वतःची संगीतरचना स्वतः छापून विकत होता. 1728 मध्ये त्याने घरी वाजवायच्या रचनांचं पाक्षिक काढलं. एकच रचना तो दोन-तीन अंकांत तोडून द्यायचा. म्हणजे आपल्या मासिकांतलं 'क्रमशः'! पुढचा अंक घेतल्याशिवाय रचना पुरी होणार नाही. 1733 च्या 'म्युझीक द ताब्ल' या संग्रहासाठी त्याने आधीच 200 हून अधिक वर्गणीदार जमवले. त्यांत लंडनचा हँडेलही होता. आईला धास्ती होती ती पोटाची, आणि पोराने पोटाचाही विचार सुरांइतकाच मन लावून केला.

तेव्हा पहिली गोष्ट पैशाची. आजही या क्षेत्रात महिन्याच्या पगाराची खुर्ची क्वचितच मिळते. कमाई गोधडीसारखी तुकड्यातुकड्यांनी जोडायची असते: चार मैफली इथल्या मेळाबरोबर, दोन तिथल्या, थोड्या शिकवण्या, एखादं ध्वनिमुद्रण. नेदरलँड्समध्ये ईस्टरच्या आधी गावोगावी बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'चे प्रयोग होतात. आपल्या बँडवाल्यांची जशी लग्नसराई, तशी ती या वादकांची सुगी. उरलेल्या महिन्यांची तजवीज सुगीतच करावी लागते.

हे संगीत पुन्हा रुजवणाऱ्या निकोलाउस हार्नोनकोर्टने काय केलं? 1952 मध्ये त्याने व्हिएन्नाच्या सिम्फनी वाद्यवृंदात चेलोवादकाची नोकरी धरली. 1953 मध्ये पत्नी अलीस आणि काही सहकाऱ्यांबरोबर 'कॉन्सेन्टुस मुझिकुस' हा मेळ सुरू केला. जुनी वाद्यं, जुनी हस्तलिखितं, तालमीवर तालमी. पहिली जाहीर मैफल झाली 1957 मध्ये. आणि नोकरी सोडली 1969 मध्ये! ज्याने या संगीताकडे बघण्याची जगाची नजर बदलली, त्यालाही 16 वर्षं दोन दगडांवर पाय ठेवावे लागले. तेव्हा मुलीने दुसरं काही काम धरलं, तर ती हरली असं समजू नका.

दुसरी गोष्ट स्वभावाची. या मेळात बहुधा समोर काठी हलवणारा कोणी नसतो. हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्यावर बसलेल्यापुढे खर्जाची एक ओळ आणि काही आकडे असतात. वरचे सूर त्याने वाजवता वाजवता भरायचे. आपल्या हार्मोनियमवाल्याला गायकाचा श्वास कळावा लागतो, तसंच हे. पुढचं बोलावणं येतं ते बहुधा तुमच्याबरोबर वाजवलेल्यांकडूनच. जो वेळेवर येतो, दुसऱ्याचं ऐकतो, प्रवासात कुरकुर करत नाही, त्याचा फोन वाजतो. एवढं वळण तर घरीच लावता येतं.

तिसरी गोष्ट शरीराची. 'मुझिका आंटिक्वा क्योल्न' हा नावाजलेला मेळ उभा करणारा राइनहार्ड ग्योबेल. ऐन भरात असताना, 1990 मध्ये, त्याच्या डाव्या हाताची बोटं ऐकेनाशी झाली. दोन्ही हातांची कामं बदलून तो व्हायोलिन नव्याने शिकला, पण अखेर त्याला ते खाली ठेवावंच लागलं. म्हणून मुलगी "मनगट दुखतंय" म्हणाली, तर "रियाझ चुकवायचा बहाणा" म्हणू नका.

खर्चही आधीच विचारा. आतड्याच्या तारा, वेगळा गज, पट्टी आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली. हार्प्सिकॉर्ड असेल, तर ते हलवायला गाडी हवी आणि प्रत्येक मैफलीआधी ते स्वतः लावता यायला हवं. बाझलची 'स्कोला कान्टोरुम' 1933 पासून हेच शिकवते, द हेगच्या संगीतशाळेतही याचा विभाग आहे. पण वर्षांची फी भरण्याआधी मुलीला युरोपातल्या एखाद्या उन्हाळी शिबिरात पाठवा. हे संगीत ऐकायला आवडणं निराळं आणि त्याच चार माणसांबरोबर रोज सहा तास तालीम करणं निराळं.

आणि एक वही द्या. तिला आजपासून लिहू दे: तारांना किती गेले, शिकवणीचे किती आले, पुढच्या तीन महिन्यांत काय येणार. ती वही तुम्ही भरू नका. चुकली तरी तिलाच बेरीज करू द्या.

मग मावशी पुन्हा विचारेल, "पोटापाण्याचं काय?" तेव्हा तुम्ही पाणी आणायला आत जा. मुलगी वही उघडेल.