आधी फोन तर लाव

अगं, तुझा मेसेज पहाटे वाचला. ‘मीटिंगला येतो म्हणालाय, पण मीटिंग शोधू कुठे?’ एवढंच लिहिलंस. पण लिहिलंस रात्री दोन वाजता, त्यावरून बाकीचं कळलं मला. आधी चहा घे, मग हे सावकाश वाच.

तुझा नवरा दारू सोडायच्या मीटिंगला हो म्हणालाय ना, मग आजचा दिवस वाया घालवू नकोस. पण ‘उद्यापासून एक थेंब नाही’ अशी शपथही घ्यायला लावू नकोस. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात बंद झाली, की हात थरथरतात, घाम फुटतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. ते जिवावर बेतू शकतं, बघ. म्हणून आधी डॉक्टर. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात ने, रोज किती पितो ते खरंखरं सांग. औषधाचं काम औषध करेल, मीटिंगचं मीटिंग.

आणि ती ‘नकळत दारू सोडवा’वाली पावडर घरात आणू नकोस. खरं सांगू का, मी आणली होती. जाहिरात वाचून मागवली, वरणात कालवली. संध्याकाळी हे पिऊन आले आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, उलटी थांबेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘काय खाल्लं होतं?’ आणि मी पदराचं टोक पिळत गप्प उभी. त्या पुडीत काय होतं, मलाच ठाऊक नव्हतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध असतं, पण ते पेशंटला सांगून, तपासण्या करून डॉक्टरच देतात. चोरून द्यायची गोष्ट नव्हे ती.

आता मीटिंगचं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपली एए. तिच्या भारतातल्या वेबसाइटवर शहराप्रमाणे मीटिंगा आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. ते जमलं नाही तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे पडत नाहीत. पुण्याच्या बाजूला असशील तर मुक्तांगणला विचार, १९८६ पासून ते हेच काम करताहेत. फोनवर वार, वेळ आणि भाषा विचारून घे. मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे नक्की विचार. क्लोज्डला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात, ओपनला तूही जाऊ शकतेस. जागा बदलत असतात, तेव्हा निघायच्या दिवशी पुन्हा एक फोन कर. मी केला नव्हता. शाळेच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर आम्ही दोघं उभे राहिलो आणि हे तिथूनच माघारी फिरले. पुढचा ‘येतो’ ऐकायला मला चार महिने लागले.

फोन करायची लाज वाटते ना? अगं, ही एए सुरू झाली तीच मुळी एका फोनमुळे. १९३५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन कामासाठी आला होता. काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज. दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले. त्यानं चर्चच्या यादीतले नंबर एकामागून एक फिरवले, आणि शेवटी बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनपर्यंत पोचला. दोघं तासन् तास बोलले. आजही मीटिंग म्हणजे तेच.

शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं बसलेली असतात. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, आपलं बोलतो. मध्ये कुणी टोकत नाही. फी नाही. नवीन माणसाला बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकून आला तरी चालतं. पहिला गट नाही पटला तर दुसरा बघायचा. सुरुवातीला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर, असं तिथले जुने लोक सांगतात.

आणि तू? तुझंही बघ ना गं. बिल सुधारला, तरी त्याची बायको लोइस एक दिवस चिडली. तो म्हणाला, ‘चल, मीटिंगला उशीर होतोय,’ आणि तिनं बूट फेकून मारला. मी हे ऐकलं तेव्हा रडले होते. यांची दारू सुटल्यावरही माझ्या पोटात तोच राग होता. लोइसनं पुढे १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अनॉन उभं केलं. त्याच्या मीटिंगा आपल्याकडेही होतात. तुझा नवरा गेला नाही, मध्येच घसरला, तरी तू तुझ्या मीटिंगला जायचंस. ऑफिसला ‘ताप आहे’ असं यांच्या वतीनं खोटं सांगायचं मी तिथेच थांबवलं.

तर बघ, डॉक्टर सकाळी, फोन दुपारी. मीटिंगच्या दिवशी स्वयंपाकात अडकू नकोस, खिचडी पुरते. पोराला माझ्याकडे सोड, अभ्यास मी घेईन. आणि परत आलात की त्याला ‘काय झालं तिथे?’ विचारू नकोस, नुसतं ताट वाढ.