लाकूड, गूळ आणि लॅटिन



मरियामातेच्या जन्मदिनाचा नोव्हेना सुरू आहे आणि धर्मशिक्षण वर्गाची प्रश्नमंजूषाही तोंडावर आली आहे. या वर्षी आम्ही मुलांना सामान्यज्ञानाचे पाच विषय दिले: गोड पदार्थ, प्रवास, लाकूड, लॅटिन भाषा आणि उन्हाळ्याची अखेर. शेवटच्या विषयावर वर्गातून लगेच हरकत आली. ओल्या छत्र्या दाराशी ठेवून बसलेल्या मुलांना सप्टेंबरात उन्हाळा कसा पटावा? दुसरी हरकत एका मुलीची होती. ती म्हणाली, "फादर, लॅटिन आपल्याला कशाला? शाळेत आधीच म्हणतात, तुमचा धर्म बाहेरून आलेला आहे." पहिल्या हरकतीचे उत्तर सोपे आहे. दुसरी दोन वाक्यांत मिटणारी नव्हती, म्हणून आजचे हे पान.

आधी उन्हाळा. आपल्या सणांचे वेळापत्रक बरेचसे भूमध्य समुद्राच्या काठावर ठरले. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे उन्हाळा उतरणीला लागलेला, गहू घरात आलेला आणि द्राक्षे पिकत आलेली. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि निम्मा देश प्रवासाला निघतो. हे नाव 'फेरिए आउगुस्ती', म्हणजे सम्राट ऑगस्टसची सुट्टी, या लॅटिन शब्दांवरून पडले. त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण येतो. जर्मनी-पोलंडच्या गावांतून त्या दिवशी औषधी वनस्पतींच्या जुड्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात.

आपल्याकडे त्या दिवशी काय असते, हे आपल्या गोव्याच्या कुटुंबांना विचारा. तांदळाची पिठी हळदीच्या पानावर थापायची, त्यावर गूळ-खोबरे पसरायचे, पान दुमडून वाफवायचे. याच पातोळ्या. कोकणातील हिंदू घरांत त्या नागपंचमीला किंवा गणपतीच्या दिवसांत होतात. सण रोमच्या तारखेचा, पण पक्वान्न पावसाने ठरवलेले, कारण हळदीचे रुंद हिरवे पान मिळते ते पावसाळ्यातच. ८ सप्टेंबरला मंगळूरचे लोक बाळमरियेला फुले वाहतात आणि नव्या भाताची लोंबी घरी नेतात. ठाणे-साष्टीच्या ईस्ट इंडियन गावांत मात्र भात उशिरा तयार होते, म्हणून आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. (सप्टेंबर म्हणजे लॅटिनमध्ये 'सातवा' आणि ऑक्टोबर म्हणजे 'आठवा', कारण रोमनांचे जुने वर्ष मार्चमध्ये सुरू होई. हा प्रश्न मंजूषेत नक्की आहे, मुलांनी लक्षात ठेवावे.)

'आगेरा' हा शब्द लॅटिन 'आगेर', म्हणजे शेत, यावरून आला असे सांगितले जाते. घरोघर 'आगर' आणि 'आगरी' हे शब्द असलेल्या ठाणे जिल्ह्यात आम्हाला ते तितके सरळ वाटत नाही. दोन सारखे शब्द शेजारी नांदले आणि एकमेकांत मिसळले, असे म्हणणे अधिक बरे. शिवाय संस्कृतात शेताला 'अज्र' म्हणत, आणि तो 'आगेर'चा सख्खा भाऊ आहे. म्हणजे कोण कोणाकडे पाहुणा आला हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही.

गोडाचेही तसेच. रोमन लोक जेवणानंतरच्या गोडधोडाला, फळांना 'मेन्साए सेकुंदाए' म्हणत, म्हणजे दुसरी पंगत. त्यात असे मध, अंजीर, सुकामेवा. साखर नसे. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी साखरेचे वर्णन 'बोरूतून गोळा केलेला मध' असे करतो. ती अरबस्तानातून आणि हिंदुस्थानातून येते आणि फक्त औषधाला वापरतात, असेही तो नोंदवतो. तिचे लॅटिन नाव 'साकारुम', म्हणजे आपली शर्करा, पाली भाषेतली 'सक्खरा'. आपल्या खांडीची अरबांनी 'कंद' केली, युरोपने तिची 'कँडी' केली, आणि आता ती डोंबिवली स्टेशनाबाहेर पुन्हा आपल्यालाच विकली जाते. उलट दिशेनेही माल आला. लॅटिन 'दुल्किस', म्हणजे गोड, याचे पोर्तुगीजांत 'दोस' झाले आणि गोव्यात चणाडाळीची एक मिठाई त्याच नावाने ओळखली जाते.

आता लाकूड. इथे थोडे थांबू, कारण हा शब्द थेट आपल्या वेदीपर्यंत जातो.

लॅटिनमध्ये लाकडाला दोन शब्द होते. 'लिग्नुम' म्हणजे मुळात सरपण, आणि 'मातेरिया' म्हणजे सुताराचे, बांधकामाचे लाकूड. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलला एक प्रश्न पडला होता: वस्तू कशाची बनते आणि ती 'ती' कशामुळे होते? ज्याची बनते त्याला त्याने 'हूले' म्हटले. हूले म्हणजे रान, लाकूड. लॅटिन लेखकांनी त्याच्यासाठी 'मातेरिया' घेतला. सेमिनरीत आम्ही 'मातेरिया आणि फोर्मा' घोकत होतो तेव्हा ते फार उंचावरचे वाटे. प्रत्यक्षात तो सुताराच्या आवारातला शब्द आहे. फळी ही मातेरिया, आणि सुताराच्या मनातली खुर्ची ही फोर्मा.

चर्चने साक्रामेंतांची शिकवण याच शब्दांत मांडली. १४३९ च्या फ्लॉरेन्स महासभेच्या आदेशात प्रत्येक साक्रामेंताला वस्तू हवी, शब्द हवेत आणि सेवक हवा, असे सांगितले आहे. स्नानसंस्काराला पाणी. मिस्साला गव्हाची भाकर आणि द्राक्षांचा रस. १९८३ च्या धर्मसंहितेतही हाच नियम आहे. आपला हा मुलूख भाताचा. गहू इथे नेहमी घाटावरून किंवा त्याहून दुरून आला, द्राक्षेही तशीच. आपल्या वेदीवरची भाकर आणि रस कधीच जवळच्या शेतातले नव्हते. 'पाव' हा शब्दही लॅटिन 'पानिस'पासून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला, आणि आज वडापाव परका आहे असे म्हणण्याची कोणाची हिंमत नाही!

लाकडाचे आणखी दोन शब्द. बांधकामावरचे लोखंडी घमेले पोर्तुगीज 'गामेला'पासून आले, म्हणजे लाकडी कठवत, आणि तिचे मूळ लॅटिन 'कामेल्ला', लाकडी वाडगा. दुसरा शब्द 'तुरुंग'. लॅटिन 'त्रुंकुस' म्हणजे झाडाचा बुंधा. पोर्तुगीजांत त्याचा 'त्रोंकु' झाला. कैद्यांचे पाय ओंडक्याच्या खोड्यात अडकवत, म्हणून कैदखान्यालाही तेच नाव पडले. फिलिप्पै येथे पौल आणि सीला यांचे पाय खोड्यात अडकवले होते (प्रेषितांची कृत्ये १६:२४). तिथे लॅटिन बायबलात 'लिग्नुम' हाच शब्द आहे. ठाण्याचा तुरुंग पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या किल्ल्यातच आहे, हे जाता जाता सांगतो.

आणि साग. त्याचे शास्त्रीय नाव 'तेक्तोना ग्रांदिस'. पोर्तुगीजांनी मलयाळममधील 'तेक्कु' उचलला, वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन पोशाख चढवला. त्याला ग्रीक 'तेक्तोन', म्हणजे सुतार, याचाही नाद आहे. शुभवर्तमानात संत योसेफाला आणि प्रभू येशूला लोक याच शब्दाने ओळखतात (मत्तय १३:५५, मार्क ६:३).

लाकडावरूनच प्रवासाकडे येऊ. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कोस्मास याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. 'कल्लियाना' बंदरातून पितळ, शिसवीसारखे लाकूड आणि कापड बाहेर जाते आणि तिथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे, असे तो लिहितो. हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहीजण ते दक्षिणेकडे शोधतात, पण लाकडाचा व्यापार पाहता आम्हाला कल्याणच पटते. पोर्तुगीज येण्याआधी सुमारे हजार वर्षांची ही गोष्ट आहे, आणि हे ख्रिस्ती लॅटिन नव्हे तर सिरियाक परंपरेचे होते. १९८८ मध्ये सिरो-मलबार बांधवांचा कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो त्या दृष्टीने अगदीच नवा पाहुणा म्हणता येणार नाही.

लॅटिन ठाण्यात पोहोचली ती १३२१ मध्ये. तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे चार फ्रान्सिस्कन चीनकडे निघाले होते. त्यांचे जहाज ठाण्याला लागले. एका सिरियाक ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात घेतले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चौघांना इथेच रक्तसाक्षी मरण आले. त्यांचे सोबती जॉर्दानुस हे दोमिनिकन त्या वेळी बाहेरगावी होते. परत येऊन त्यांनी देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे प्रवासी ओदोरिक आले आणि त्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे चीनला गेले. थॉमस यांना १८९४ मध्ये धन्य घोषित करण्यात आले.

जॉर्दानुस यांनी पुढे लॅटिनमध्ये आपल्या देशाच्या नवलांचे पुस्तक लिहिले. सोबत्यांना पुरलेला हा माणूस त्यात फणसाला 'चाकी' म्हणतो आणि एक फणस पाच माणसांना पुरतो असे सांगतो. आंब्याला 'अनिबा' म्हणतो आणि त्याची गोडी शब्दांत सांगता येत नाही अशी कबुली देतो. पाऊस तीनच महिने पडतो आणि तरी जमीन इतकी सुपीक, याचे त्याला फार आश्चर्य वाटते.

तर त्या मुलीला आमचे उत्तर असे. होय, आपला धर्म बाहेरून आला. तो रोममध्येही बाहेरूनच गेला, आणि तोही आशियातून. प्रभू येशू अरामी बोलत. रोममधील पहिल्या ख्रिस्ती लोकांची उपासना ग्रीक भाषेत होती, लॅटिन तिथे नंतर रुळली. म्हणून आजही मिस्सात 'किरिए एलेइसोन' ग्रीक, 'आमेन' आणि 'आलेलुया' हिब्रू. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेत लोकभाषांना दार उघडले आणि आपल्या मिस्सात मराठी आली. शाळेत पुन्हा कोणी विचारले तर तिने 'साखर' हा शब्द कसा फिरला ते सांगावे, आणि मग ठाण्याच्या चार साक्षींची गोष्ट सांगावी.

प्रश्नमंजूषा पुढील रविवारी मराठी मिस्सानंतर सभागृहात होईल. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना विचारून घरातला एक शब्द आणावा: भांड्याचा, पक्वान्नाचा किंवा सुताराच्या हत्याराचा. वसई, गोवा, मंगळूर, नगर, जालना, केरळ, घर कुठलेही असो. ज्या मातांनी पातोळ्या आणायचे कबूल केले आहे त्यांनी हळदीची पाने शनिवारी सकाळीच घ्यावीत. संध्याकाळपर्यंत बाजारात फाटकीच उरतात.