चित्राची मोहिनी

अहिल्यानगरहून पुण्याकडे निघाले, की शहराला लागूनच केडगाव लागते. येथील रेणुकामातेच्या दर्शनास नवरात्रात मोठी गर्दी लोटते. एका नवरात्रात आईचा हात धरून देवीला निघालेल्या एका मुलाची नजर हमरस्त्यावरील भल्या मोठ्या फलकावर खिळली. फलकावर एक माता आपल्या लेकराला उंच उचलून हसत होती. मागे दोरीवर शुभ्र कपडे डुलत होते. खाली कोपऱ्यात साबणाची लहानशी वडी होती. वडीचे वजन किती, किंमत काय, ती किती दिवस पुरेल, यांपैकी तेथे काहीच लिहिलेले नव्हते. तरीही मुलगा म्हणाला, "आई, आपणही हाच साबण घेऊ या!"

साबणाविषयी तर त्याला काहीच कळले नव्हते. त्याला आवडली ती माता आणि तिची माया. ती माया नकळत साबणाला चिकटली.

ही युक्ती जुनी आहे. थोर चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील रंगीत तसबिरी घरोघरी पोचल्या. हाताने रंगविलेले चित्र घेण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्याही भिंतीवर देव आले. व्यापाऱ्यांनी हे हेरले. देवादिकांच्या चित्राखाली आपल्या मालाचे नाव छापून ते दिनदर्शिका वाटू लागले. साधी जाहिरात लोक रद्दीत टाकतात. पण देवाचे चित्र कोण टाकील? वर्ष सरले तरी चित्र भिंतीवर राही आणि त्याच्यासोबत ते नावही राही. वुडवर्डचे ग्राइप वॉटर हे तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवरचे औषध. त्याच्या एका जुन्या दिनदर्शिकेवर बाळकृष्ण विराजमान झाला होता. आपल्या बाळात कृष्ण पाहणाऱ्या आईला आणखी काय सांगावे लागणार?

पुढे देवांच्या जोडीला लहान मुले आली. १९५४ साली व्यंग्यचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्स या कंपनीसाठी हाती रंगाचा डबा आणि कुंचला घेतलेला खोडकर 'गट्टू' रेखाटला. रंग किती टिकतो, हे गट्टूच्या चेहऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते. परंतु त्याला पाहून हसू येई. गट्टू होताही मोठा गोड!

फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'आठ दिवसांत उंची वाढेल' असे खोटेच सांगणाऱ्याला जाब विचारता येतो. परंतु लेकराला उचलून घेणाऱ्या आईत खोटे ते काय? तेथे कायद्याचे काही चालत नाही.

दर्शन घेऊन परतताना ती दोघे दुकानात शिरली. आईने फलकावरची वडी आणि घरी नेहमी येणारी वडी अशा दोन्ही मुलाच्या हातात दिल्या. "उलटून वाच बरे," ती म्हणाली. मागे बारीक अक्षरांत वजन व किंमत छापलेली होती. किंमत सारखीच होती. पण फलकावरच्या वडीचे वजन पंचवीस ग्रॅमने कमी भरले.

"आता तूच सांग, कोणती घ्यायची?"

मुलाने नेहमीची वडी पुढे केली. दुसरी जागेवर ठेवताना मात्र तिच्या वेष्टनावरील हसऱ्या आईकडे त्याने पुन्हा एकदा पाहिले.