मदरबोर्ड घेताना काय बघायचं?

पीसी असेंबल करायचा म्हटलं की आपण प्रोसेसरवर आठवडाभर चर्चा करतो, ग्राफिक्स कार्डावरून भांडतो आणि मदरबोर्ड मात्र दुकानदार देईल तो घेतो. खरं तर रॅम, हार्ड डिस्क नंतर बदलता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार उतरवून पुन्हा मांडायचा. हॉस्टेलवर बहुतेकांचा पीसी घरून आलेल्या पैशांतून होतो आणि तो चार वर्षं चालायला हवा. म्हणून हा छोटासा धडा. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'फीचर्स'ला मराठी शब्द शोधत बसत नाही. दुकानात बोलतो तसंच लिहिते.)

माझा नियम एकच आहे : जे नंतर जोडता येत नाही, त्यालाच पैसे द्या.

१) डिस्प्ले : १९९९ च्या इंटेल ८१० सारख्या चिपसेटमध्ये ग्राफिक्स खरोखर बोर्डावर असायचं. २०१० पासून ते प्रोसेसरमध्ये जायला लागलं. 'ऑनबोर्ड ग्राफिक्स' हा शब्द तेवढा मागे राहिला. आज बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट म्हणजे नुसता दरवाजा. आय५-१२४०० ला ग्राफिक्स आहे, १२४००एफ ला नाही. रायझन ५ ५६००जी ला आहे, साध्या ५६०० ला नाही. एफवाला प्रोसेसर घेतलात तर वेगळं कार्ड लागणारच.

२) रॅम : डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारचे निघाले, म्हणून बॉक्स नीट वाचा. एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते. स्लॉट २ की ४, हेही मोजा. दोनच असतील आणि ८+८ जीबी लावली, तर वाढवताना जुनी काढूनच टाकावी लागते.

३) एम.२ : स्लॉट दिसायला सारखे, आतून वेगळे. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेनवर ती ३५०० पर्यंत जाते. काही बोर्डांवर एम.२ भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. हे बॉक्सवर नसतं, मॅन्युअलमध्ये असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. दुकानात जायच्या आधी वाचा.

४) पॉवर : सॉकेटच्या बाजूला चौकोनी चोक्सची रांग दिसते. तो व्हीआरएम. पीएसयूचे १२ व्होल्ट तो प्रोसेसरला लागणाऱ्या एक-सव्वा व्होल्टवर आणतो. त्यावर हीटसिंक नसेल आणि प्रोसेसर मोठा असेल, तर लांबलचक सिम्युलेशनमध्ये तो तापतो आणि प्रोसेसरचा स्पीड पडतो. मे महिन्यात, बंद खोलीत तर हमखास.

५) ज्याला भुलू नये : वाय-फाय, जास्तीचं साउंड, रंगीत लाइट. वाय-फाय आणि साउंड यूएसबीवर नंतर लावता येतं, लाइटने मार्क वाढत नाहीत. २.५ गिगाबिट लॅनसुद्धा समोरचा स्विच १ गिगाबिटचा असेल तर १ वरच चालणार. आणि यूएसबी ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ ही एकाच ५ जीबीपीएसची तीन नावं आहेत. नाव नको, स्पीड विचारा.

आता एक उदाहरण सोडवू. आमच्या विंगमधल्या मेकॅनिकलच्या एका ज्युनियरला तिच्या बाबांनी सोयाबीन विकून पैसे पाठवले होते. दुकानदार म्हणाला, "ताई, हा घ्या, वाय-फाय आहे, लाइट पण आहेत." बोर्ड होता एच६१० चिपसेटचा. त्या चिपसेटवर रॅमचे २ च स्लॉट मिळतात. जवळपास तेवढ्याच किमतीत बी७६० चा साधा, दिसायला अगदी बेचव बोर्ड होता : ४ स्लॉट, २ एम.२, व्हीआरएमवर हीटसिंक. आम्ही दोघींनी कागदावर दोन रकाने केले, 'नंतर जोडता येतं' आणि 'येत नाही'. वाय-फाय आणि लाइट पहिल्या रकान्यात गेले, बाकी सगळं दुसऱ्यात. तिने बी७६० घेतला. रूममध्ये लॅन पॉइंट आहेच, वाय-फायसाठी एक छोटा डोंगल पुरला. पुढे अ‍ॅनालिसिसच्या प्रोजेक्टला रॅम कमी पडली, तेव्हा रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी दोन स्टिक बसल्या. जुनं काही विकावं लागलं नाही, घरी फोनही करावा लागला नाही.

शेवटचं : बोर्डावर छापलेला रिव्हिजन नंबर बघायला विसरू नका. एकाच नावाच्या बोर्डाचे रिव्हिजन १.० आणि २.० यांच्यात पार्ट वेगळे असू शकतात. आणि प्रोसेसर नवीन असेल तर बोर्डाचा बायोस त्याला ओळखतो का, हे दुकानातच चालू करून बघा. बिल घेऊन बाहेर पडल्यावर काउंटरवरची भाषा बदलते.