अंधाऱ्या लेण्यांतील छायाचित्र व मोठ्या पटाचा कॅमेरा

लातूर जिल्ह्यांतील औसा तालुक्यांत खरोसा नांवाचें गांव आहे. तेथील टेकडींत प्राचीन लेणीं कोरलेलीं आहेत. बाहेर मराठवाड्याचें कडक ऊन असतें आणि चार पावलें आंत टाकावीं तों डोळ्यांपुढें अंधारी येते. थोड्या वेळानें डोळे सरावतात व काळानें झिजलेलीं शिल्पें दिसूं लागतात. नांदेड जिल्ह्यांतील माहूरच्या पांडवलेण्यांतही हाच अनुभव येतो. सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें बहुधा अशाच ठिकाणीं बिघडतात. कांहीं काळीं, कांहीं हललेलीं, तर कांहीं रवाळ येतात. असें कां होतें, आणि मोठ्या पटाचा कॅमेरा हातीं घेतल्यानें हा दोष किती दूर होतो, याचा विचार येथें करावयाचा आहे.

कॅमेऱ्यांत किती प्रकाश शिरावा हें दोन गोष्टी ठरवितात: भिंगाचें छिद्र व पडदा उघडा राहण्याचा काळ. तिसरी गोष्ट आय. एस. ओ. अंकाची. हा अंक वाढविल्यानें प्रकाश वाढतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. ध्वनिक्षेपकानें वक्त्याचा आवाज मोठा होतो, पण सभेंतील कुजबूजही त्याबरोबर मोठी होते. आय. एस. ओ. चें कार्य तसेंच आहे.

एक उदाहरण घेऊं. समजा, लेण्यांत एफ-४ छिद्रास व १०० अंकास १ सेकंद लागतो. अंक दुप्पट केला कीं काळ निम्मा होतो. २००, ४००, ८०० असे सात वेळां दुप्पट करीत गेल्यास अंक १२,८०० होतो व काळ १/१२८ सेकंदावर येतो. नेहमीच्या ३५ मि. मी. कॅमेऱ्यावर ५० मि. मी. चें भिंग असेल, तर १/५० सेकंदाहून अधिक काळ हात स्थिर राहत नाहीं, असा जुना ठोकताळा आहे. बारीक तपशील हवा असेल, तर त्याच्याही निम्मा काळ बरा. म्हणून तिपाई नसतां १२,८०० पर्यंत जाणें भाग पडतें.

आतां रवाळपणा कोठून येतो तें पाहूं. प्रकाश कणाकणानें येतो, आणि ते कण पावसाच्या थेंबांप्रमाणें कमीअधिक पडतात. अंगणांत वाटी व परात शेजारीं ठेवा. रिमझिम पावसांत वाटींत कधीं आठ थेंब पडतील, कधीं बारा. परातींत पुष्कळ थेंब पडत असल्यानें त्यांचें प्रमाण फारसें हलत नाहीं. गणित असें: १०० कण येत असतां चढउतार सुमारें १० चा, म्हणजे शेंकडा १०, १०,००० कण येत असतां चढउतार १०० चा, म्हणजे शेंकडा १ च.

मीडियम फॉरमॅट कॅमेरा ही ती परात होय. सन १९०१ मध्यें कोडक कंपनीनें १२० क्रमांकाची फिल्म काढली. तिच्यावरील चित्र सुमारें ६ सें. मी. रुंदीचें असे. आजच्या या वर्गांतील बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांचा संवेदक ४४ × ३३ मि. मी. चा, तर ३५ मि. मी. कॅमेऱ्याचा ३६ × २४ मि. मी. चा असतो. क्षेत्रफळ सुमारें १.७ पट झालें. म्हणजे दोहोंचें तंत्र सारखें असतां, मोठ्यावर १२,८०० अंकास घेतलेलें चित्र लहानावरील सुमारें ७,५०० अंकाच्या चित्राइतकें स्वच्छ दिसेल. लाभ खरा आहे, पण दुपटीहून कमी आहे.

पूर्वीं तोही नव्हता. सीसीडी संवेदकाचे मोठे कॅमेरे कमी अंकावरच चांगलें काम देत. सन २०१४ पासून सीमॉस संवेदक आले व ही अडचण सरली. सन २०१९ च्या फूजीफिल्म जीएफएक्स १०० मध्यें हाताचा कंप शोषणारी योजना आंतच बसविली गेली. स्थिर शिल्पासाठीं ती फार उपयोगी; हलणाऱ्या माणसासाठीं मात्र नव्हे.

येथें एक मेख आहे. छिद्राचा अंक व दृश्य तेंच ठेविलें, तर मोठ्या पटावर पुढचेंमागचें कमी स्पष्ट येतें. लहान कॅमेऱ्याच्या एफ-४ एवढी खोली हवी असेल, तर मोठ्यावर छिद्र सुमारें एफ-५ करावें लागतें, आणि मिळविलेला लाभ बहुतेक तेथेंच खर्च होतो. म्हणून सपाट भिंतीवरील उथळ शिल्पास मोठा कॅमेरा उपकारक. पण संपूर्ण मंडप स्पष्ट हवा असतां त्याचा फारसा उपयोग नाहीं.

प्रखर दिव्याची झळक टाकावी, असें कोणी म्हणेल. परंतु अजिंठ्यास चित्रांच्या रक्षणार्थ तिला मनाई आहे. बिनॉय बहल यांनीं सन १९९१ च्या सुमारास तेथील चित्रें अत्यंत मंद प्रकाशांत टिपलीं व त्यांचे रंग जगापुढें आणिले.

विद्यार्थिमित्रहो, मोठा कॅमेरा नसल्याची खंत करूं नका. कोपरें बरगड्यांस टेकवा, श्वास सोडून मग कळ दाबा, एकाच शिल्पाचीं पांचसहा चित्रें घ्या व त्यांतील न हललेलें ठेवा. मात्र आधारासाठीं शिल्पास टेकूं नका. रवाळ चित्रांतही मूर्तीचा आकार ओळखूं येतो. हललेल्या चित्रांतील गेलेली रेषा परत आणतां येत नाहीं. झिजत्या शिल्पांची जेवढी नोंद आपण आज नीट ठेवूं, तेवढीच पुढील पिढीच्या हातीं लागेल.